न ओढलेल्या बिडीचा माग

हिवाळ्यात नायगावच्या एखाद्या घरी तान्हं लेकरू आजारी पडलं, की गुन्हेगाराचं नाव सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. थंडी बाधली. दात येऊ लागलेत. कुणाची तरी दृष्ट लागली. बाळंतिणीनं दही खाल्लं. छाती घरघरू लागते, श्वासागणिक बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो, लेकरू दूध सोडतं. मग तालुक्याचा दवाखाना, आणि तिथून नांदेड, विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय. संशयितांच्या या यादीत घरातल्या पुरुषाच्या बोटांतली बिडी सहसा नसते. बिडी त्याची, खोकला त्याचा. लेकरानं काही ती ओढलेली नाही.

ती लेकरानंही ओढलेली असते, हे पुराव्यानिशी मांडायला बरीच वर्षं गेली. १९७४ साली माग लागला, १९८६ पर्यंत पाठलाग चालला, आणि अर्धवट राहिलेला एक धागा २००४ मध्ये मुंबईत हाती आला. या तपासात एक गाठ अशी बसली होती, की लंडन-अमेरिकेच्या घरांत ती सुटेना. ती सुटायला नायगावातल्यासारखी घरं लागली : पुरुष ओढतो आणि बाई ओढत नाही, अशी.

दोन नोंदवह्या

साठच्या दशकात पश्चिम जेरुसलेममधल्या माता-बाल केंद्रांत येणाऱ्या गरोदर बायकांना बरेच प्रश्न विचारले जात आणि उत्तरं जपून ठेवली जात. त्यातला एक प्रश्न सिगारेटचा होता : ओढता का, आणि दिवसाला किती? सुझन हार्लाप आणि मायकेल डेव्हिस या संशोधकांनी १९६५ ते १९६८ या काळात जन्मलेल्या १०,६७२ बाळांच्या आयांची ही उत्तरं बाहेर काढली. दुसरीकडे रुग्णालयातल्या भरतीच्या नोंदी होत्या. कोणतं बाळ पहिल्या वर्षात कशासाठी भरती झालं, हे त्यांत होतं. दोन्ही नोंदी एकमेकींशेजारी ठेवल्या आणि जुळवायला घेतल्या.

सिगारेट ओढणाऱ्या आयांची बाळं न्यूमोनिया आणि ब्राँकायटिसनं जास्त वेळा भरती होत होती, सुमारे २७ टक्क्यांनी जास्त. आई जितक्या जास्त सिगारेटी ओढे, तितका हा आकडा चढत जाई. ओढणाऱ्या बायकांची बाळं जन्मतःच कमी वजनाची असतात, म्हणून ती आजारी पडत असतील, ही शंका लगेच येते. वजनाचा हिशेब वेगळा काढला, कुटुंबाची ऐपत वेगळी काढली, तरी फरक उरलाच. आणखी एक खूण होती. हा फरक सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांत आणि थंडीच्या दिवसांत ठळक दिसत होता. थंडीत खिडक्या-दारं बंद असतात. संशयाची सुई खोलीतल्या हवेकडे वळली. मार्च १९७४ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याच नियतकालिकात दुसरा निबंध आला. लंडनच्या हॅरो भागात जॉन कॉली, वॉल्टर हॉलंड आणि कॉर्कहिल यांनी २,२०५ बाळांचा जन्मापासून पाच वर्षं माग ठेवला होता. त्यांनी आईबरोबर बापालाही मोजलं. आई-बाप दोघंही ओढत नसतील, तर पहिल्या वर्षात शंभरातल्या ७.८ बाळांना न्यूमोनिया किंवा ब्राँकायटिस झाला. दोघांतलं एक ओढत असेल तर ११.४ बाळांना. दोघंही ओढत असतील तर १७.६.

तीन आकडे, आणि तिन्ही एकाच दिशेनं चढणारे. तरी या डॉक्टरांनी स्वतःच स्वतःची उलटतपासणी घेतली. ओढणारा माणूस खोकतो, त्याच्या छातीत कफ असतो. मग बाळाला बापाच्या धुराऐवजी बापाच्या खोकल्यातला जंतू लागत नसेल कशावरून? म्हणून आई-बापांना सकाळी कफ पडतो का, हेही त्यांनी विचारून ठेवलं होतं. कफाचा परिणाम वेगळा केला, आणि धुराचा परिणाम आपल्या जागी राहिला. पहिलं वर्ष सरल्यावर मात्र हा फरक विरत गेला. घात होत होता तो नेमका अशा वयात, जेव्हा लेकरू खोलीबाहेर जाऊ शकत नाही.

गाठ

इथं तपास अडला. जेरुसलेमच्या बायकांना सिगारेटचा प्रश्न विचारला होता तो गरोदरपणात. पोटुशी असताना ओढणारी बाई बाळंत झाल्यावरही ओढतेच. मग बाळाचं फुप्फुस बिघडलं कधी? आईच्या रक्तातून नाळेवाटे आलेल्या विषानं, जन्माच्या आधीच? की पाळण्याभोवतीच्या धुरानं, जन्मानंतर? ब्रिटन-अमेरिकेत तेव्हा बायका सर्रास ओढत. त्या घरांत गर्भ आणि खोली हे दोन संशयित कायम जोडीनंच सापडत, आणि सिगारेट कंपन्यांची वकिली करणाऱ्यांना एवढी फट पुरेशी होती.

दुसरी अडचण साक्षीची होती. घरात किती ओढता, या प्रश्नाला माणसं खरं उत्तर देतील कशावरून? ज्याची साक्ष काढायची ते लेकरू तर बोलतच नाही.

लेकराची साक्ष काढली रसायनशास्त्रानं. शरीरात गेलेलं निकोटिन दोनेक तासांत निम्मं होतं, पण यकृत त्याचं कोटिनिन नावाच्या द्रव्यात रूपांतर करतं आणि ते दिवसभर रक्तात, लघवीत, थुंकीत रेंगाळतं. तंबाखूखेरीज ते शरीरात यायला जवळपास दुसरी वाटच नाही. १९८४ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात रॉबर्ट ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांनी तान्ह्या बाळांची लघवी आणि लाळ तपासली. ओढणाऱ्यांच्या घरातली ३२ बाळं होती, न ओढणाऱ्यांच्या घरातली १९. पहिल्या गटाच्या लघवीत कोटिनिन कित्येक पटींनी जास्त निघालं. ज्यांनी आयुष्यात सिगारेट कधी तोंडाला लावली नव्हती, त्यांच्या शरीरात तंबाखू फिरत होती.

पुढच्या वर्षी मार्टिन जार्विस यांनी ब्रिटनमधल्या ११ ते १६ वयाच्या, स्वतः न ओढणाऱ्या ५६९ शाळकरी मुलांची थुंकी मोजली. घरात कुणीच ओढत नसेल तर मिलिलिटरमागे कोटिनिन ०.४४ नॅनोग्रॅम. फक्त बाप ओढत असेल तर १.३१. फक्त आई ओढत असेल तर १.९५. दोघंही असतील तर ३.३८. घरात विचारायची गरजच उरली नव्हती. पोराच्या थुंकीवरून घरात कोण ओढतं, याचा अंदाज येत होता. एकट्या बापाच्या सिगारेटीनं मुलाच्या अंगातलं कोटिनिन तिप्पट होतं, हा आकडा तर आपल्याकडच्या प्रत्येक घरानं लक्षात ठेवण्याजोगा आहे.

बाई ओढत नाही, अशी घरं

गर्भ आणि खोली वेगळी करायची, तर असं घर हवं होतं जिथं धूर फक्त पुरुषाचा असेल. हा डाव पहिल्यांदा खेळले तोक्योचे ताकेशी हिरायामा. त्यांचा विषय लहान मुलं नव्हती, फुप्फुसाचा कर्करोग होता; पण युक्ती हीच होती. जपानात पुरुष भरपूर ओढत, बायका फारशा ओढत नसत. हिरायामांनी स्वतः कधीही न ओढलेल्या ९१,५४० विवाहित बायकांचा १४ वर्षं माग काढला. नवरा दिवसाला वीस किंवा जास्त सिगारेटी ओढत असेल, तर बायकोला फुप्फुसाचा कर्करोग होण्याचा धोका सुमारे दुप्पट निघाला. जानेवारी १९८१ मध्ये हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालं.

सिगारेट कंपन्यांची झोप उडाली. ओढणारा स्वतःच्या मर्जीनं मरतो, हा त्यांचा आजवरचा बचाव होता. शेजारच्याचं काय करणार? अमेरिकेतल्या या कंपन्यांच्या ‘टोबॅको इन्स्टिट्यूट’ नावाच्या संघटनेनं हिरायामांच्या गणितात चूक आहे, असा गाजावाजा केला. त्याच वर्षीच्या जुलैत ब्राउन अँड विल्यमसन या कंपनीच्या एका अंतर्गत टिपणात मात्र वेगळंच लिहिलं गेलं होतं : कंपन्यांच्या सल्लागारांच्या मते हिरायामा बरोबर आहेत, आणि इन्स्टिट्यूटला हे माहीत असूनही तिनं आपलं निवेदन काढलं. हे टिपण जगासमोर यायला पुढं बरीच वर्षं गेली.

लेकरांच्या प्रश्नाचं उत्तर आलं शांघायहून. चेन युए आणि सहकाऱ्यांनी तिथल्या जिंग-आन भागात १९८१ मध्ये जन्मलेल्या हजाराहून अधिक बाळांच्या पहिल्या दीड वर्षातल्या भरतीच्या नोंदी पाहिल्या. या बाळांच्या आयांपैकी एकही ओढत नव्हती. म्हणजे नाळेवाटे सिगारेट जाण्याचा मार्ग बंद होता. उरला होता तो घरातल्या पुरुषांचा धूर. ज्या घरात दिवसाला दहा किंवा त्याहून जास्त सिगारेटी पेटत, तिथल्या बाळांना श्वसनाच्या आजारानं भरती व्हायचा धोका न ओढणाऱ्या घरांपेक्षा सुमारे १.८ पट निघाला. हा निबंध १९८६ मध्ये आला. एका संशयितावर तरी गुन्हा शाबीत झाला : खोलीतला धूर.

त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेचे सर्जन जनरल सी. एव्हरेट कूप यांचा अहवाल निघाला. कूप हे मूळचे बालशल्यचिकित्सक, फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात आयुष्य काढलेले. दुसऱ्याच्या धुरानं न ओढणाऱ्याला रोग होतो, आणि ओढणाऱ्या आई-बापांच्या लेकरांना श्वसनाचे आजार जास्त होतात, हे त्यांनी सरकारी शिक्क्यानिशी सांगितलं. दहा वर्षांनी, १९९६ मध्ये, आर. जे. आर. नाबिस्को कंपनीचे प्रमुख चार्ल्स हार्पर यांना भागधारकांच्या सभेत मुलांविषयी विचारलं गेलं. मुलांना धूर आवडला नाही तर ती खोलीतून निघून जातील, असं ते म्हणाले. आणि तान्ही बाळं? ती कधीतरी रांगायला लागतात, हे त्यांचं उत्तर.

धूर आत काय करतो

बिडी दोन धूर सोडते. एक ओढणारा आत घेतो आणि सोडतो. दुसरा दोन झुरक्यांच्या मधे जळत्या टोकावरून आपोआप निघतो. खोलीत साठणाऱ्या धुरात मोठा वाटा या दुसऱ्याचा. तो कमी तापमानाला, अर्धवट जळून तयार होतो आणि त्यात कित्येक विषारी द्रव्यं जास्त असतात. निरोगी तान्हं बाळ मिनिटाला तीस ते साठ वेळा श्वास घेतं, मोठा माणूस बारा ते वीस वेळा. त्यामुळे वजनाच्या मानानं बाळाच्या छातीत हवा जास्त जाते, आणि धूरही.

श्वासनलिकेच्या आतल्या बारीक लवांचं काम कफ आणि जंतू वर ढकलायचं. धुरानं त्या मंदावतात. नळीचं अस्तर सुजतं. मोठ्या माणसाच्या रुंद नळीत थोडी सूज खपून जाते, पण बाळाची श्वासनलिका मुळात काही मिलिमीटरची. नळीचा व्यास निम्मा झाला की हवेला होणारा अडसर सुमारे सोळापट होतो. म्हणून मोठ्याला साधी सर्दी होते आणि त्याच जंतूनं बाळाला धाप लागते. घशातून कानाकडे जाणारी नळी सुजली की कान फुटतो, वाहतो. ज्यांचा पिंडच दम्याचा, त्यांना झटके वाढतात. झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांमागेही या धुराचा हात असल्याचं पुढच्या अभ्यासांत पक्कं झालं. २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या जागतिक अंदाजानुसार दुसऱ्याच्या धुरानं २००४ या एका वर्षात सुमारे ६ लाख ३ हजार माणसं दगावली, आणि त्यातली १ लाख ६५ हजार मुलं होती.

नायगावचा माणूस इथं विचारेल : मग चुलीचं काय? रास्त प्रश्न आहे. तुराट्या-पऱ्हाट्यांच्या चुलीचा धूर बिडीपेक्षा डोळ्यांना कितीतरी जास्त झोंबतो. १९८१ साली कर्क स्मिथ यांनी भारतीय सहकाऱ्यांसोबत गुजरातेतल्या चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर मोजणी यंत्रं लावली आणि त्या किती धूर घेतात, हे जगाला दाखवलं. चुलीचा धूरही लेकराच्या न्यूमोनियाला कारण होतो. पण चूल दोषी ठरली म्हणून बिडी सुटत नाही. दोघी एकाच छातीवर बसतात. गॅस आल्यावर चूल थंड होते, बिडी तशीच पेटत राहते, तीही रात्री, दार लावल्यावर, लेकरू झोपलेल्या खोलीत. त्यात डासांची कॉइल असेल तर आणखी भर. २००३ मधल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते.

मुंबईत सुटलेला धागा

शांघायनं खोलीचा गुन्हा सिद्ध केला, गर्भाचं काय? त्यासाठी धुराशिवाय तंबाखू घेणाऱ्या गरोदर बायका हव्या होत्या, आणि त्या होत्या महाराष्ट्रात. इथली बाई बिडी ओढत नाही, पण सकाळी तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मशेरी दातांना लावते, किंवा पानात तंबाखू खाते. प्रकाश गुप्ता आणि एस. श्रीविद्या यांनी मुंबईत घरोघर जाऊन तीन ते सात महिन्यांच्या १,२१७ गरोदर बायका शोधल्या आणि बाळंतपणापर्यंत त्यांचा माग ठेवला. त्यातल्या १७.१ टक्के बायका तंबाखू घेत होत्या. त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी निघाली आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली. २००४ मध्ये हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलं. दोन वर्षांनी त्याच अभ्यासातून आणखी कडू आकडा पुढं आला : तंबाखू घेणाऱ्या बायकांत मृत बाळ जन्मण्याचं प्रमाण ८.९ टक्के, न घेणाऱ्यांत ३.१.

इथं धूर नव्हता. काडी नव्हती, राख नव्हती, वास नव्हता. तरी तंबाखू नाळेवाटे पोचली होती. जेरुसलेममध्ये जोडीनं सापडलेले दोन संशयित अखेर वेगळे झाले, आणि दोघेही दोषी निघाले.

महाराष्ट्राला हा निकाल विशेष लागू आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यात ओढणारे प्रौढ ३.८ टक्केच होते, पण चघळणारे-लावणारे २४.४ टक्के. आपल्याकडे ओढणारे कमी, म्हणून लेकरं सुरक्षित, असा हिशेब त्यामुळे मांडता येत नाही. एकाच घरात बापाची बिडी आणि आईची किंवा आजीची मशेरी असेल, तर लेकराला तंबाखू जन्माआधीही मिळते आणि जन्मानंतरही.

उंबऱ्याशी थांबलेला कायदा

मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २ नोव्हेंबर २००१ रोजी दवाखाने, शाळा, कचेऱ्या, रेल्वे अशा सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी केली. २००३ मध्ये कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर नवे नियम लागू झाले. स्कॉटलंडमध्ये अशी बंदी मार्च २००६ मध्ये आली, तेव्हा तिथं एक भीती होती : बाहेर ओढता येईना म्हणून माणसं घरी जास्त ओढतील आणि मुलांना धूर जास्त लागेल. घडलं उलट. बंदीआधी दम्यानं भरती होणारी मुलं वर्षाला ५.२ टक्क्यांनी वाढत होती. बंदीनंतर ती वर्षाला १८.२ टक्क्यांनी घटू लागली, शाळेत न जाणारी लहानगीसुद्धा. बाहेर ओढणं लाजिरवाणं झालं, की माणूस घरातही हात आखडतो. आपल्याकडेही घरात दुसऱ्याचा धूर घेणाऱ्या प्रौढांचं प्रमाण २००९-१० मध्ये ५२.३ टक्के होतं, ते २०१६-१७ मध्ये ३८.७ वर आलं.

उरलेल्या घरांत पोलीस जाणार नाही, आणि जाऊही नये. तिथं सून नवऱ्याला बोलू शकत नाही. सासू बोलू शकते, पण कित्येकदा मशेरीची डबी तिच्याच कनवटीला असते. या घरात हक्कानं जाणारी एक बाई मात्र आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याची जी पद्धत उभी केली, तिच्यावर आधारलेला कार्यक्रम २०११ पासून देशभर आहे. त्यात आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटते. ती बाळाचं वजन करते, ताप पाहते, श्वास मोजते. तिनं आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत. आईला आणि आजीला : मशेरी लावता का, तंबाखू खाता का? बापाला, आज्याला, काकाला, समोर बसवून : बिडी कुठं ओढता? आणि उत्तर बाळाच्या कार्डावर लिहायला हवं.

लेकरू निजतं त्या खोलीत बिडी पेटवायची नाही, दार उघडं असलं तरी नाही, एवढा नियम घरानं स्वतः करायचा आहे. खिडकी उघडून धूर पुरता जात नाही, हे २००६ च्या सर्जन जनरलच्या अहवालानंही सांगितलं आहे. अंगणात जाऊन ओढणं हे घरात ओढण्यापेक्षा खूप बरं, सोडणं त्याहून बरं, आणि ओढून आल्यावर हात-तोंड धुऊन सदरा बदलल्याशिवाय लेकराला घ्यायचं नाही. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. उलट बिडीबंडलाचे पैसे वाचतात.